फुकट खेळाचा दर

कामगार संघटनेचा कार्यकर्ता वसंत व्याख्यानमालेत बोलावयास उभा राहिला, की विषय बोनसचा, कंत्राटी पद्धतीचा किंवा नव्या श्रम संहितांचा असणार, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. आम्ही या वर्षी मोबाइलवरील खेळांच्या किमतीविषयी बोलावयाचे ठरवले, तेव्हा संयोजकांनीही एकदा विचारून खात्री करून घेतली. चूक नव्हती. सातपूर आणि अंबड येथील कारखान्यांच्या दारांशी पाळी सुटण्याची वाट पाहत आम्ही गेली कित्येक वर्षे उभे राहत आलो आहोत. बसथांब्यावर, चहाच्या गाडीपाशी, कँटीनच्या बाकावर आता पूर्वीसारखी वर्तमानपत्राची पाने फिरत नाहीत. माना खाली घालून खेळ चाललेला असतो. ज्या गोष्टीत कामगाराचा वेळ जातो आणि पगारातला भागही जातो, ती गोष्ट कामगार चळवळीच्या बाहेरची आहे असे आम्हांस वाटत नाही.

खेळणाऱ्यांना उपदेश करण्याचा आमचा हेतू नाही. आठ तास काम, आठ तास विश्रांती आणि आठ तास आपले स्वतःचे, अशी मागणी ज्या चळवळीने केली, तिने करमणुकीस नाक मुरडू नये. शिवाय आम्ही स्वतः खेळलेले आहोत. पायाचे हाड मोडून सहा आठवडे घरी पडलो असता पुतण्याने मोबाइलवर एक खेळ घालून दिला, आणि चौथ्या आठवड्यात आम्ही त्यात ८९ रुपये भरले. का भरले, हे त्या क्षणी आम्हांस सांगता आले नसते. तेव्हापासून हा प्रश्न डोक्यात आहे: या खेळांचा दर ठरतो कसा, आणि तो देणाऱ्यांचे त्याविषयी काय म्हणणे आहे?

प्रथम पद्धत समजून घेऊ. आमच्या लहानपणी यंत्रात नाणे टाकले की खेळ सुरू होई व हरलो की संपे. पुढे घरच्या संगणकाचे खेळ आले. ते एकदा विकत घेतले की आपले झाले. २००८ च्या जुलैत अ‍ॅपल कंपनीने मोबाइलसाठी आपले अ‍ॅप स्टोअर उघडले, तेव्हा तेथेही खेळ एक तर फुकट असत किंवा ठरलेल्या किमतीस मिळत. २००९ च्या ऑक्टोबरात कंपनीने फुकट खेळाच्या आतही विक्री करण्याची मुभा दिली, आणि तेथून व्यापाराचे स्वरूपच पालटले. या रीतीला फ्रीमियम म्हणतात. ‘फ्री’ आणि ‘प्रीमियम’ हे दोन शब्द जोडून २००६ च्या सुमारास हा शब्द तयार झाला. दारात प्रवेश फुकट, दाम आत.

आत दाम कशाचा, ते एका उदाहरणाने पाहू. ‘कँडी क्रश सागा’ हा किंग कंपनीचा खेळ २०१२ मध्ये आला आणि आपल्याकडेही घरोघरी पोहोचला. एका रंगाच्या तीन गोळ्या जुळवायच्या, एवढाच खेळ. खेळाडूस पाच जीव मिळतात. डाव हरला की एक जीव जातो, आणि गेलेला जीव परत येण्यास अर्धा तास लागतो. पाचही गेले की वाट पाहा, मित्राकडे मागा, नाही तर पैसे भरा. डाव अगदी जिंकत आला असताना चाली संपल्या, तर आणखी पाच चाली विकत मिळतात. पण त्या रुपयांत नव्हे, खेळातल्या सोन्याच्या विटांत. त्या विटा मात्र रुपयांत घ्यावयाच्या. फिनलंडच्या सुपरसेल कंपनीचा ‘क्लॅश ऑफ क्लॅन्स’ हाही २०१२ चाच. तेथे आपले गाव वसवावयाचे असते. सुरुवातीची झोपडी मिनिटात उभी राहते, पण पुढे पुढे एकेका बांधकामास कित्येक दिवस लागतात. घाई असेल तर रत्ने मोजा.

म्हणजे येथे विकली जाते ती वस्तू नव्हे. खेळ बनवणाऱ्यानेच आधी अडथळा बांधला आहे, आणि तो दूर करण्याचा मोबदला तोच घेतो. मोबदला मागण्याची वेळही तोच निवडतो. खेळाडू दमलेला असतो, अगदी थोडक्यात हरलेला असतो, तेव्हाच भाव समोर येतो. बाजारात भाजी घेताना आपण चार गाड्यांवर विचारून पुढे जातो. येथे दुसरी गाडीच नाही.

मग पैसे देतो कोण? बहुतेक कोणीच देत नाही, हे ऐकून श्रोत्यांस नवल वाटेल. किंग कंपनी २०१४ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कच्या शेअरबाजारात उतरली, तेव्हा तिला आपले हिशेब उघड करावे लागले. महिन्याकाठी तिचे खेळ खेळणाऱ्या शंभर माणसांमागे पैसे देणारे सुमारे चार होते. तरीही २०१३ सालचे तिचे उत्पन्न १८८ कोटी डॉलरच्या घरात गेले होते. त्याच २०१४ साली स्वर्व्ह या संस्थेने अनेक फुकट खेळांची आकडेवारी तपासून असे मांडले, की आतल्या विक्रीचे निम्मे उत्पन्न दर दहा हजार खेळाडूंतील अवघ्या पंधरांकडून येते. धंद्यात अशा गिऱ्हाइकास देवमासा म्हणतात. हा शब्द जुगाराच्या अड्ड्यांवरून आलेला आहे. थेंबे थेंबे तळे साचे असा हा व्यवहार वरून दिसतो, पण तळे भरते ते थोड्या विहिरी उपसून.

आता खेळणाऱ्यांकडे वळू. दारांवर, बसमध्ये आणि आमच्या संघटनेच्या कचेरीत आम्ही पुष्कळांस याविषयी विचारले. उत्तरांचे साधारण चार गट पडतात.

पहिला गट कधीच पैसे न देणाऱ्यांचा, आणि तोच सर्वांत मोठा. त्यांचे म्हणणे, गाजराची पुंगी; वाजली तर वाजली, नाही तर मोडून खाल्ली. फुकट मिळते आहे, कंटाळा आला की पुसून टाकू, तक्रार कसली? एका जोडाऱ्याने आम्हांस उलट विचारले, “साहेब, सिनेमाचे तिकीट काढून चौघांना न्यायचे तर हजार रुपये लागतात. येथे पोरगा महिनाभर खेळतो आणि दमडी लागत नाही. यात वाईट काय?” या प्रश्नास सोपे उत्तर नाही. ठरलेली किंमत असती तर त्याच्या पोराच्या हाती हा खेळ आलाच नसता.

दुसरा गट वेळाने किंमत चुकवणाऱ्यांचा. जाहिरात पाहा आणि एक जीव मिळवा, अशी सोय पुष्कळ खेळांत असते. जुळवणीच्या पट्ट्यावर काम करणाऱ्या एका ताईंनी सांगितले, “पैसा माझा नाही, घराचा आहे. अर्धा मिनिट जाहिरात पाहते, तो वेळ तेवढा माझा.” नवी मुंबईतील कंपनीने २०१६ मध्ये काढलेला ‘लुडो किंग’ हा आपला पटावरचा जुना खेळ मोबाइलवर आला, आणि २०२० च्या टाळेबंदीत घराघरांत चालला. त्याचे उत्पन्नही जाहिराती आणि आतील किरकोळ खरेदी यांवरच उभे आहे. पण आम्ही कामगारांचे तास मोजणारी माणसे. ताईंचा अर्धा मिनिट कोणी तरी विकत घेत आहे, हे आमच्या नजरेतून सुटत नाही. त्यांना ते ठाऊक आहे आणि मान्य आहे, म्हणून आमचा आक्षेप नाही.

तिसरा गट थोडेफार देणाऱ्यांचा. चहाभजीएवढा खर्च, महिन्याला पन्नास-शंभर. हे लोक खेळ करणाऱ्यांची बाजूही घेतात. तो खेळ कोणी तरी रात्री जागून तयार केला आहे, त्यालाही पगार हवा, असे एका तरुण फिटरने सांगितले तेव्हा आम्हांस आनंद झाला. खेळ घडवणारेही कामगारच आहेत, हे आमच्यापैकी कितींच्या ध्यानात येते? मात्र याच गटाचा एक राग आहे. दोन खेळाडूंत पैसे देणारा जिंकावा, हे त्यांना सोसत नाही. नुसता पोशाख, रंग, शोभा विकली तर खुशाल विका. बळ विकू नका. कुस्तीच्या आखाड्यात पैसे मोजून कोणी प्रतिस्पर्ध्याचा हात बांधून घेतला, तर प्रेक्षक ते चालू देणार नाहीत. नेमकी हीच त्यांची भावना आहे.

चौथा गट पोळलेल्यांचा. तो लहान आहे, आणि बोलत नाही. त्यातील एकाची हकिगत त्याच्या परवानगीने, नाव न घेता सांगतो. कंत्राटावर रात्रपाळी करणारा, चोवीस-पंचवीस वर्षांचा मुलगा. पतपेढीचे कर्ज मिळवून द्या म्हणून आमच्याकडे आला. कारण विचारले तर आईचे औषध म्हणाला, आणि मान वर करीना. आम्ही त्याच्या बँकेचा सहा महिन्यांचा उतारा मागवला आणि पेन्सिल घेऊन दोघे बसलो. २९ रुपये, ८९ रुपये, १५९ रुपये, पुन्हा ८९. एकही रक्कम ५०० च्या वर नव्हती. बेरीज १८ हजारांच्या पुढे गेली, तेव्हा त्याने पेन्सिल आमच्या हातातून घेतली आणि स्वतः पुन्हा मोजले. बेरीज तीच आली. मग तो जे बोलला ते आम्ही विसरलेलो नाही. “काका, मी नाही म्हणत नाही, मीच भरले. पण एकूण किती झाले, हे त्याने एकदाही सांगितले नाही.”

औषधाची गोष्ट खरी होती. आईच्या औषधाचे पैसेच खेळात गेले होते.

आम्ही त्या रात्री घरी आलो ते हे वाक्य घेऊन. खानावळीचा मालकसुद्धा महिनाअखेर वही पुढे करतो. कारखान्यात पगारपावती मिळावी, कपात कशाची झाली ते लिहून मिळावे, यासाठी आमच्या आधीच्या पिढ्यांनी संप केले. मालकावर विश्वास नव्हता एवढेच त्याचे कारण नव्हते. आकडा लिहिलेला असला की माणूस विचार करू शकतो, हे त्यांना कळले होते.

खेळातील रत्ने आणि विटा यांचा अर्थही आम्हांस कामगार चळवळीच्या इतिहासातूनच उलगडला. इंग्लंडमधील गिरणीमालक एके काळी मजुरी पैशांत न देता मालात किंवा आपल्याच दुकानात चालणाऱ्या चिठ्ठ्यांत देत. चिठ्ठीची खरी किंमत काय, हे मजुरास कधी कळत नसे. १८३१ च्या ट्रक अ‍ॅक्टने त्यास आळा घातला. आपल्याकडे १९३६ च्या वेतन अदायगी कायद्याने सांगितले, की मजुरी चालू नाण्यांत किंवा नोटांतच दिली पाहिजे. आता ही चिठ्ठी उलट्या दिशेने परत आली आहे. मजुरी खऱ्या पैशांत मिळते, पण ती खर्च होताना दुकानाच्या चिठ्ठीत बदलून घ्यावी लागते. ‘क्लॅश ऑफ क्लॅन्स’चे अमेरिकेतील मूळ दर पाहा. ५०० रत्ने ४.९९ डॉलरला आणि १४,००० रत्ने ९९.९९ डॉलरला. म्हणजे लहान पुडी घेणाऱ्यास एका डॉलरला सुमारे १०० रत्ने, मोठी घेणाऱ्यास १४०. एका रत्नाची किंमत काय, असे कोणी विचारले तर एकच उत्तर देता येत नाही. बांधकामाची घाई ‘इतक्या रत्नांची’ असे लिहिलेले असते; ती इतक्या रुपयांची असे लिहिले, तर पुष्कळ हात मागे येतील. आणि विकत घेतलेल्या रत्नांतील थोडी नेहमी उरतात. ती वाया जाऊ नयेत म्हणून पुन्हा पुडी घ्यावी लागते.

येथे एक प्रामाणिक आक्षेप येतो, तो टाळणे बरोबर नाही. खेळाडूंना ठरलेली किंमत खरोखर हवी आहे काय? २०१६ च्या डिसेंबरात जपानच्या निन्टेंडो कंपनीने ‘सुपर मारिओ रन’ आणला. पहिले काही टप्पे फुकट, पुढचा सारा खेळ एकदाच ९.९९ डॉलर भरून. विटा नाहीत, रत्ने नाहीत, वाट पाहणे नाही. खेळाडूंनी काय केले? खेळ कोट्यवधींनी उतरवून घेतला, आणि किंमत फार आहे म्हणून अनेकांनी वाईट शेरे दिले. अपेक्षेइतका नफा या खेळाने दिला नाही, असे कंपनीने २०१७ मध्ये सांगितले. त्याच कंपनीचा त्या वर्षीच्या फेब्रुवारीत आलेला ‘फायर एम्ब्लेम हीरोज’ मात्र फुकट होता, सोडतीने पात्रे विकत होता, आणि भरपूर कमावत होता. उघड दर सांगणाऱ्यास शिव्या आणि झाकून घेणाऱ्यास पैसा, असे हे चित्र दिसते. कंपन्यांचे वकील हेच दाखवून म्हणतात, की लोकांना हवे तेच आम्ही देतो.

आम्हांस हा निष्कर्ष पटत नाही. मारिओस वाईट शेरा देणारे आणि सोडतीवर पैसा ओतणारे ही बहुतांशी एकच माणसे नव्हेत. पहिली होती फुकटाची सवय लागलेल्या मोठ्या समुदायातली. दुसरी त्या थोड्या देवमाशांतली. समुदायाची सवय आणि थोड्यांची ओढ यांची बेरीज करून तिला ‘लोकमत’ म्हणणे हा हिशेबातला घोटाळा आहे. ‘श्रीमंताने भरावे, गरिबाने फुकट खेळावे’ असे या पद्धतीचे समर्थन आम्ही ऐकले आहे, आणि समाजवादी मनास ते क्षणभर गोडही वाटते. पण देवमासा श्रीमंतच असतो, असे कोणी ठरवले आहे? आमच्या कचेरीत आलेला देवमासा कंत्राटी कामगार होता. जोडाऱ्याच्या पोराच्या फुकट खेळाचे पैसे त्याच्या आईच्या औषधातून गेले.

खेळाडूंचे मत एकवटले की दर बदलतो, याचे दाखले मात्र आहेत. १९९७ मध्ये संगणकावर आलेला ‘डंजन कीपर’ हा अनेकांचा आवडता खेळ. इलेक्ट्रॉनिक आर्ट्‌स कंपनीने २०१४ च्या आरंभी तो मोबाइलवर फुकट आणला, आणि जुन्या खेळात क्षणात खणला जाणारा दगड तासन्‌तास खणावा लागू लागला. कठीण दगडास तर पूर्ण दिवस. अँड्रॉइडवर खेळाविषयी मत विचारतानाही युक्ती केलेली होती. पाच तारे देणारा खेळाडू दुकानाच्या पानावर जाई, कमी देणाऱ्यास कंपनीकडे तक्रार लिहावयास नेले जाई. मत मागायचे आणि प्रतिकूल मत दाराआड ठेवायचे, ही रीत आमच्या ओळखीची आहे. व्यवस्थापनाच्या सूचनापेटीत आम्ही ती पाहिलेली आहे. पण खेळाडू गप्प बसले नाहीत, मूळ खेळाचे कर्ते पीटर मॉलिन्यू यांनीही नापसंती दर्शवली, आणि जुलै २०१४ मध्ये ब्रिटनच्या जाहिरात नियामक संस्थेने ही ‘फुकट’ची जाहिरात दिशाभूल करणारी ठरवली.

दुसरा दाखला जपानचा. सोडतीच्या पद्धतीला तेथे गाचा म्हणतात. पैसे भरून चिठ्ठी उचलायची, हवे ते पात्र निघेल याचा भरवसा नाही. २०१६ च्या आरंभी ‘ग्रानब्लू फँटसी’ या खेळात एका पात्रासाठी एका खेळाडूने सर्वांसमक्ष खेळत सहा लाखांहून अधिक येन घातले, तेव्हा कुठे ते निघाले. खेळाडूंत संतापाची लाट उठली. परिणाम असा झाला, की त्याच वर्षी कंपनीने मर्यादा घातली: ३०० चिठ्ठ्या उचलल्यावर खेळाडूने हवे ते पात्र निवडून घ्यावे. चिठ्ठी ३०० येनची, म्हणजे कमाल खर्च ९० हजार येन. ही रक्कमही लहान नव्हे. पण अथांग विहिरीला तळ मिळाला, आणि तो खेळाडूंनी मिळवला.

तिसरा दाखला आईबापांचा. मुलांनी खेळता खेळता न विचारता केलेल्या खरेदीच्या हजारो तक्रारी झाल्यावर अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०१४ मध्ये अ‍ॅपलला किमान ३ कोटी २५ लाख डॉलर आणि गुगलला किमान १ कोटी ९० लाख डॉलर ग्राहकांस परत करावयास लावले.

आपल्याकडे काय आहे? ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयी कायदा केला. पण त्याचा रोख पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर आहे. फुकट खेळात पैसे लावता येतात, जिंकता येत नाहीत, म्हणून त्याचा दर या कायद्याच्या कक्षेत सहसा येत नाही. अधिक उपयोगी आहेत ती केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची नोव्हेंबर २०२३ ची मार्गदर्शक तत्त्वे. ग्राहकास फसवणाऱ्या मांडणीचे तेरा प्रकार त्यांत दिले आहेत. खोटी घाई करणे आणि किंमत तुकड्यातुकड्याने उघड करणे हे त्यांतलेच. युरोपातील ग्राहक संरक्षण यंत्रणांनी मार्च २०२५ मध्ये याहून एक पाऊल पुढे टाकले: खेळातील वस्तूची किंमत रत्नांबरोबर खऱ्या चलनातही दाखवली पाहिजे, आणि नको असलेली जादा रत्ने घेण्यास ग्राहकास भाग पाडू नये. १९३६ च्या आपल्या कायद्यामागचे तत्त्व याहून निराळे नव्हते.

आमच्या विचारण्यातून एक गोष्ट आम्हांस स्पष्ट झाली. चारही गटांतील माणसांनी दर असण्यास हरकत घेतलेली नाही. हरकत आहे ती दर झाकण्यास. यावरून तीन मागण्या निघतात. एक, प्रत्येक खरेदी रुपयांत दाखवा. दोन, या महिन्यात आणि आजवर एकूण किती भरले, हे पैसे घेण्याच्या आधी त्याच पडद्यावर दाखवा. तीन, खेळाडूने स्वतः ठरवलेली महिन्याची मर्यादा गाठली की विक्री थांबवा. यांत कोणाच्या खेळावर बंदी नाही आणि कोणाचा धंदा बुडत नाही. ज्याचा धंदा गिऱ्हाइकाने बेरीज केल्याबरोबर बुडतो, त्याने धंद्याचाच विचार करावा.

ही मागणी एकट्याने केली तर कोणी ऐकणार नाही. एकटा खेळाडू फार तर खेळ पुसून टाकतो, जसा एकटा कामगार नोकरी सोडतो. त्याने दर बदलत नाही. म्हणून आमची श्रोत्यांस विनंती आहे, की घरी गेल्यावर मुलाच्या हातून मोबाइल हिसकावून घेऊ नका. त्याच्याजवळ बसा, सहा महिन्यांचा उतारा काढा, आणि पेन्सिल त्याच्याच हाती द्या. बेरीज मोठी निघाली तर त्याला रागावण्याआधी ती ग्राहक पंचायतीकडे किंवा आमच्या कचेरीत लिहून पाठवा. अशा शंभर बेरजा एकत्र झाल्या, की आम्हांस त्या घेऊन कोठे जावयाचे ते ठाऊक आहे.

तो मुलगा आता दिवसपाळीस असतो. पतपेढीचे कर्ज त्याने फेडत आणले आहे. खेळ अजून खेळतो. आम्ही विचारले तेव्हा हसला आणि खिशातून छोटी वही काढून दाखवली. त्या महिन्याच्या पानावर एकच आकडा होता, २९.